शंख छोटा, फोटो मोठा: बारक्या वस्तूंचे जवळून फोटो काढताना नक्की काय होतं

गोगलगायीचा सेंटिमीटरभर शंख टेबलावर ठेवा आणि मोबाईल हळूहळू त्याच्या जवळ नेत जा. एका अंतरापर्यंत सगळं छान दिसतं आणि मग अचानक फोकस लागायचाच बंद होतो, शंख धूसर आणि मागचं टेबलावरचं कापड मात्र एकेका धाग्यासकट शार्प. बरेच जण इथेच हात टेकतात, आपला कॅमेरा भारी नाही म्हणून जमत नाही असं समजतात. तसं नाहीये. वस्तू मोठी दिसणं हा यातला सोपा भाग आहे, थोडे पैसे घालून किंवा थोडा जुगाड करून तो सुटतो. घाम निघतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींमुळे: इतक्या जवळून फोटोतला शार्प भाग फारच पातळ होतो, आणि शंखासारख्या गोल चकचकीत वस्तूवर आजूबाजूचं सगळं उमटतं. हे दोन्ही का होतं ते समजलं की मग हातात मोबाईल आहे की महागडा कॅमेरा याने वाटतो तितका फरक पडत नाही.

आधी फोकसचं बघू. वस्तू जितकी जवळ येते तितकी तिची प्रतिमा लेन्सच्या मागे लांब पडते. म्हणून जवळचं पकडायचं तर लेन्स सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीपासून, पुढे सरकवावी लागते आणि प्रत्येक लेन्सच्या सरकण्याला एक हद्द असते. ती संपली की पुढे स्क्रीनवर कितीही टॅप करा, फोकस लागणार नाही. मॅक्रोच्या, म्हणजे बारक्या वस्तू जवळून टिपायच्या, नावाने जे काही सामान मिळतं ते सगळं ही हद्द ओलांडायचे वेगवेगळे मार्ग आहेत, बाकी त्यात जादू काही नाही.

मग लेन्सवर १:१ असं जे लिहिलेलं असतं ते काय? तर १० मिमीचा शंख सेन्सरवरसुद्धा १० मिमीचाच उमटतो, एवढंच. मोठ्या कॅमेऱ्यांतला फुल फ्रेम म्हणतात तो सेन्सर ३६ बाय २४ मिमी असतो, म्हणजे १० मिमीचा शंख उभा ठेवला तर १:१ ला तो फ्रेमच्या उंचीच्या निम्म्यालाही पोचत नाही. २-३ मिमीचा शंख असेल तर १:१ कमीच पडतं. मोबाईलचा सेन्सर टिचभर असतो त्यामुळे तिथे १:१ ची भाषा करून उपयोग नाही, तिथे फ्रेममध्ये किती मिमीचा तुकडा मावतोय ते बघायचं. खरं तर कॅमेऱ्यालाही तोच प्रश्न विचारावा असं माझं मत आहे, कारण शेवटी आपल्याला शंख फ्रेम भरून हवा असतो, आकडा नको असतो.

सामानाचं थोडक्यात सांगतो. मॅक्रो लेन्स हा सगळ्यात सरळ मार्ग, ६० मिमीची घ्या की १०० मिमीची (हा लेन्सच्या फोकल लेन्थचा आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), मॅग्निफिकेशन, म्हणजे वस्तू सेन्सरवर किती पट उमटते ते, दोन्हीचं बहुतेक वेळा १:१ च असतं, फरक एवढाच की १०० मिमीच्या लेन्समध्ये शंख आणि लेन्सच्या मध्ये जास्त जागा राहते आणि त्या जागेत लाईट घुसवता येतो, ही सोय फार मोठी आहे. दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी, आत काच नाही. हिशोब सोपा आहे, नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ, म्हणजे ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची नळी लावली की अर्धं मॅग्निफिकेशन, ५० मिमीची लावली की १:१. तिसरा मार्ग क्लोजअप लेन्स, ही फिल्टरसारखी पुढे फिरवून बसवायची, ती लांब फोकल लेन्थच्या लेन्सवर जास्त काम करते, तिच्यात एक काच असलेली स्वस्तातली न घेता दोन काचा चिकटवलेली घ्या म्हणजे कडांना जांभळी-हिरवी किनार येत नाही. आणि चौथा मार्ग म्हणजे लेन्स उलटी लावणे, साधी रिंग मिळते त्यासाठी, २८ मिमीसारखी वाईड लेन्स उलटी केली की १:१ च्या बरंच पुढे जाता येतं. त्यासाठी अपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत घेणाऱ्या भोकाची, रिंग लेन्सवरच असलेली जुनी मॅन्युअल लेन्स सगळ्यात बरी, कारण उलटी लावल्यावर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा इलेक्ट्रॉनिक संबंध तुटतो आणि अपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. शंखासमोर हवेत एक उभी काच आहे अशी कल्पना करा, कॅमेऱ्याला समांतर. शंखाचा जेवढा भाग त्या काचेच्या जाडीत येतो तेवढाच शार्प, पुढचं धूसर आणि मागचंही धूसर. या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. माणसाचा फोटो काढताना ही काच फूट-दीड फूट जाड असू शकते, निसर्गदृश्यात तर मैलोगणती. फुल फ्रेमवर १:१ ला, एफ ८ ठेवून (एफचा आकडा अपर्चरचा, जितका मोठा तितकं भोक बारीक), ती जेमतेम १ मिमी उरते. अर्ध्या मॅग्निफिकेशनला साधारण ३ मिमी मिळते, आणि १:१ च्या दुप्पट गेलात तर मिमीचा एक तृतीयांश भाग, बस. हे आकडेसुद्धा फोटो बेताच्या आकारात बघायचा असं धरून काढलेले आहेत, स्क्रीनवर पूर्ण झूम करून बघणार असाल तर काच अजून पातळ समजा. म्हणजे शंखाच्या तोंडाच्या कडेवर फोकस केलात तर वरचं टोक गेलं आणि टोकावर केलात तर कड गेली, आणि हातात कॅमेरा धरून श्वास घेतलात तरी एवढं अंतर सहज हलतं.

मोबाईलचं इथे एक चांगलं आहे. सेन्सर छोटा असल्यामुळे तेवढाच शंख फ्रेममध्ये घ्यायला मॅग्निफिकेशन कमी लागतं, त्यामुळे काच जाड राहते. म्हणूनच कित्येकदा साध्या मोबाईलवर शंख अख्खा शार्प येतो आणि शेजारच्या मोठ्या कॅमेऱ्यावर अर्धाच येतो, यात नवल काही नाही.

मग लगेच सुचतं ते म्हणजे अपर्चर बारीक करा, एफ २२ करा, एफ ३२ करा. काच जाड होते हे खरं. पण इथे प्रकाशाचा स्वभाव आडवा येतो. बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात, आणि एका बिंदूचा फोटोत एक छोटा गोल ठिपका होतो, भोक जितकं बारीक तितका ठिपका मोठा. आता यातली जी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते ती अशी की जवळून फोटो काढताना लेन्स सेन्सरपासून लांब गेलेली असते, त्यामुळे लेन्सवर लिहिलेला एफ नंबर खरा राहतच नाही. १:१ ला तो दुप्पट होतो. तुम्ही एफ १६ लावलंय असं तुम्हाला वाटतं पण काम एफ ३२ चं चालू असतं. प्रकाशही त्याच हिशोबाने चौथाई होतो. एफ ३२ ला हिरव्या प्रकाशाचा तो ठिपका साधारण ४३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) होतो आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल असतो ६ मायक्रॉनचा, म्हणजे एक बिंदू सात पिक्सेलवर पसरला. शंखावरच्या बारीक रेघा, ज्यांच्यासाठी एवढी खटपट, त्याच पुसल्या जातात. हेच लेन्सवर एफ ५.६ ठेवलं तर ठिपका १५ मायक्रॉनच्या आसपास राहतो, बराच बरा.

म्हणजे पेच असा की भोक मोठं ठेवलं तर काच पातळ आणि भोक बारीक केलं तर सगळंच मऊ. एका फोटोत यातून सुटका नाही, मधला मार्ग म्हणून १:१ ला एफ ८ ते एफ ११ च्या दरम्यान थांबायचं आणि काही भाग धूसर राहणार हे मान्य करायचं. ते मान्य नसेल तर एकाच्या जागी बरेच फोटो काढायचे आणि जोडायचे. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात, आणि शंखांसाठी ही फारच चपखल पद्धत आहे, कारण शंख हलत नाही. (रिकामाच शंख घ्यायचा, आत जीव असेल तर तो होता तिथे परत ठेवायचा, यावर चर्चा नको.)

पद्धत अशी. भोक एफ ५.६ च्या आसपास ठेवायचं, काच पातळच राहू द्यायची पण खणखणीत शार्प. कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असलेल्या बिंदूवर फोकस करून पहिला फोटो, मग काच थोडी मागे सरकवून दुसरा, असं करत मागे मागे जायचं, आणि मग सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला शार्प भाग उचलून एक अख्खा फोटो बनवतं. १:१ ला एफ ५.६ वर काचेची जाडी साधारण ०.६५ मिमी असते, दोन फोटोंमधलं अंतर त्यापेक्षा कमी हवं म्हणजे एकमेकांवर थोडे चढतील, ०.४ मिमी धरा. १० मिमीचा गोलसर शंख असेल तर १० मिमीची खोली घ्यायची गरज नसते, कॅमेऱ्याला दिसतो फक्त पुढचा अर्धा भाग, म्हणजे सगळ्यात पुढच्या फुगवट्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत ५ मिमी, त्याला १२-१३ फोटो झाले की काम झालं. फक्त शंखाचं तोंड आपल्याकडे असेल तर त्याच्या आतला भाग कडेपेक्षा खोल जातो, तिथली घडी किंवा दात दिसायला हवे असतील तर अजून चार-पाच फोटो मागे जा. दोन्ही टोकांना एकेक फोटो जादाचा काढलेला चांगला, मधला एखादा राहिला तर मात्र धूसर पट्टा दिसतो आणि तो नंतर कशानेही भरून निघत नाही.

काच सरकवायची कशी? एकतर फोकस रिंग फिरवून, नाहीतर कॅमेरा रेलवर, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या पट्टीवर, बसवून तोच पुढेमागे करून. साधारण १:१ पर्यंत रिंग बरी पडते आणि त्यापुढे रेल. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हे आपोआप करायची सोय असते, निकॉनने २०१७ च्या डी ८५० मध्ये ती फोकस शिफ्ट नावाने दिली, इतर कंपन्या फोकस ब्रॅकेटिंग म्हणतात, तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूत एकदा शोधून बघा, असूनही माहीत नसलेले खूप जण आहेत. जोडायला हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही या कामासाठीच बनवलेली सॉफ्टवेअर आहेत, फोटोशॉपमध्येही होतं, आणि फुकटात हवं असेल तर ह्युगिन या फोटो जोडायच्या फुकट सॉफ्टवेअरबरोबर येणारी साधनं आणि एनफ्यूज मिळून चांगलं काम करतात, फक्त थोडी डोकेफोड आहे.

स्टॅकिंगमध्ये शंखांच्या बाबतीत एक खास गडबड होते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. गुळगुळीत शंखाचा फुगवटा हा एक बहिर्वक्र आरसा असतो. त्यात लाईटचं जे प्रतिबिंब दिसतं ते शंखाच्या पृष्ठभागावर नसतं, पृष्ठभागाच्या मागे असतं, साधारण वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर. म्हणजे ५ मिमी त्रिज्येचा फुगवटा असेल तर प्रतिबिंब अडीच मिमी आत. त्यामुळे होतं काय की पृष्ठभाग ज्या फोटोत शार्प असतो त्या फोटोत लाईटचा ठिपका धूसर असतो, आणि पाच-सहा फोटो मागे गेल्यावर ठिपका अगदी कडक शार्प होतो पण तिथला पृष्ठभाग धूसर झालेला असतो. सॉफ्टवेअरला दोन्ही शार्पच दिसतात आणि ते दोन्ही उचलतं, मग अंतिम फोटोत शंखावर एक पांढरा डाग आणि त्याभोवती धुरकट वलय असं काहीतरी विचित्र येतं. लोक सॉफ्टवेअरला दोष देतात आणि सेटिंग बदलत बसतात. उपाय लाईटमध्ये आहे. लाईट इतका मोठा आणि मऊ करायचा की प्रतिबिंबाला शार्प कडच राहणार नाही.

तर आता लाईट. माझ्या मते या छंदात पैसे आणि वेळ घालायचा असेल तर सगळ्यात आधी इथे घाला, लेन्सवर नंतर. शंखाच्या दृष्टीने लाईट छोटा आहे की मोठा हे बल्बच्या आकारावरून ठरत नाही, शंखाच्या जागेवरून तो आकाशाचा केवढा भाग व्यापतो त्यावरून ठरतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश लांबून एक बिंदूच असतो, पण शंखापासून दोन बोटांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा उभा केला आणि त्यामागून फ्लॅश मारला तर शंखासाठी तो अख्खा कागद लाईट बनतो. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे ट्रेसिंग पेपरची नळी करून शंखाभोवती उभी ठेवायची, वरून कॅमेरा आत बघतो आणि बाहेरून दोन बाजूंनी साधे एलईडी दिवे. अगदी बारक्या शंखाला अर्धा कापलेला पिंगपाँग बॉल, वर भोक पाडून, उत्तम चालतो. कागदाला आणि बॉलला स्वतःची थोडी पिवळसर झाक असू शकते, म्हणून एक फोटो राखाडी कार्ड ठेवून काढून ठेवा आणि व्हाईट बॅलन्स त्यावरून लावा.

पण सगळ्या बाजूंनी सारखा लाईट आला की दुसरी अडचण सुरू होते: शंख सपाट दिसायला लागतो. शंखाची खरी ओळख त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक गोष्टींत असते, वाढीच्या रेघा, उभे कंगोरे, खवल्यांसारखं जाळं, काही जमिनीवरच्या गोगलगायींच्या शंखावर तर केसांसारखे काटे असतात, आणि या सगळ्याला उठाव येतो तो सावलीमुळे. म्हणून नळीच्या आत एका बाजूने लाईट जास्त, दुसऱ्या बाजूने कमी ठेवायचा, आणि जास्तवाला बाजूने, पृष्ठभागाला घासून जाईल असा खाली आणायचा. हे करून बघताना मजा येते. शंखाच्या मिमीभर रुंद वेढ्यावर लाईट समोरून असताना काहीच नसतं, नुसता तपकिरी गुळगुळीत पट्टा, आणि दिवा हळूहळू बाजूला नेत गेलं की एका कोनाला अचानक त्यावर ओळीने रेघा उगवतात, प्रत्येकीला एक उजळ कड आणि एक काळी कड. तो कोन सापडला की दिवा तिथेच चिकटपट्टी लावून पक्का करायचा. शक्यतो जास्तीचा लाईट डावीकडून वरून ठेवतात, शास्त्रीय चित्रांमध्येही हाच रिवाज आहे, कारण लाईट खालून आला तर डोळ्याला उंचवटे खड्डे वाटतात आणि खड्डे उंचवटे.

चकाकी पूर्ण घालवायची असेल तर क्रॉस पोलरायझेशन करता येतं: दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर, तो फिरवत गेलं की एका जागी सगळी चमक नाहीशी होते आणि आतले रंग आणि पट्टे एकदम गडद उघडे पडतात. नक्षी नोंदवायला हे फार चांगलं आहे. पण सरसकट वापरू नका, कारण चमक हासुद्धा शंखाचा गुण आहे, कवडी मॅट दिसली तर ती कवडी वाटतच नाही. आणि मोत्यासारखी रंगीत झाक असलेले शंख-शिंपले असतील तर बिलकुल नको. ती झाक रंगद्रव्याची नसते, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या अरागोनाइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटचाच एक प्रकार) चकत्या थरावर थर बसलेल्या असतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकांत मिसळून तो रंग तयार होतो. पोलरायझरने परतणारा प्रकाशच कापला की रंग बहुतेक गेलाच. अशा वेळी थोडा दिशा असलेला लाईट ठेवा आणि शंख एकेक अंश फिरवत रंग कुठे भरतो ते शोधा.

पातळ, अर्धपारदर्शक शंखांना मागून थोडा लाईट द्या, आतला खांब आणि वेढे दिसतात, दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने ते शंख न फोडता इतकं सहज दिसणार नाही. आणि जाता जाता एक भारी गोष्ट: २०१५ साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मिळालेल्या कोन (cone, म्हणजे शंकूच्या आकाराच्या) जातीच्या शंखांच्या जीवाश्मांवर अतिनील दिवा टाकून अभ्यास झाला, ४८ ते ६६ लाख वर्षं जुने, साध्या प्रकाशात पांढरेफटक, आणि अतिनीलमध्ये जिथे कधीकाळी रंग होता ते भाग चमकून नक्षी परत दिसली. ठिपके, पट्टे, सगळं. घरी करून बघायचं असेल तर अतिनील किरणांपासून डोळे सांभाळा, त्यासाठीचा चष्मा घाला.

शंख उभा करायला थोडं ब्लू टॅक किंवा म्युझियम वॅक्स मागच्या बाजूला लावा, मुलांची प्लॅस्टिसिन टाळा कारण त्यातलं तेल शंखात मुरतं. बॅकग्राउंडला काळा मखमलीचा तुकडा सगळ्यात काळा दिसतो, पण काळ्यावर पांढरा शंख ठेवला की कॅमेरा फसतो आणि शंख पांढराफटक जळतो, एक्स्पोजर उणे करायचं. मला स्वतःला मध्यम राखाडी आवडतो, त्यात पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही शंखांच्या कडा वाचतात. सावली नको असेल तर शंख काचेवर आणि बॅकग्राउंड काचेच्या खाली वीतभर अंतरावर. कॅमेरा स्टँडवर, २ सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते, आणि फोटो चालू असताना टेबलाला टेकू नका, पंखा बंद. हलण्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

शंख ठेवायचा कसा यालाही पद्धत आहे आणि ती पाळली तर तुमचा फोटो ओळख पटवायला दुसऱ्याच्या कामी येतो. टोक वर, तोंड बघणाऱ्याकडे. चपट्या शंखांचे तीन फोटो लागतात: टोकाकडून, तोंडाकडून आणि खालून, कारण वेढे मोजायचे ते वरून आणि नाभी, म्हणजे खालचा खळगा, किती रुंद आहे ते खालूनच कळतं. तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळली आहे का ते स्पष्ट दिसायला हवं, बऱ्याच जातींत त्यावरूनच गोगलगाय पूर्ण वाढलेली होती की पिल्लू होतं ते समजतं. हे फोटो थोडं तिरकं ठेवून काढले तर दिसायला छान वाटतात पण तोंडाचा आकारच बदलतो, म्हणून एक सरळ फोटो आधी, कलाकुसर नंतर.

आणि फोटो आडवा उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा, कधीच करू नका. टोक वर धरल्यावर बहुतेक जातींचं तोंड उजवीकडे येतं, थोड्याच जातींचं डावीकडे, आणि एखाद्या उजव्या जातीत डावा शंख सापडणं फार दुर्मिळ. मिरर केलेला फोटो म्हणजे चक्क खोटी माहिती. रेम्ब्रांटने १६५० साली कोन जातीच्या एका शंखाचं एचिंग केलं, समोर दिसला तसा तो धातूच्या पत्र्यावर कोरला, आणि छापल्यावर अर्थातच चित्र उलटं आलं. सही मात्र त्याने सरळ छापली जाईल अशी कोरली होती, त्यामुळे आजही त्या चित्रात सही सुलट आणि शंख चुकीच्या बाजूला वळलेला दिसतो. काही मोबाईलचे पुढचे कॅमेरे आणि अॅप न विचारता मिरर करतात, एकदा छापील अक्षरांचा फोटो काढून तपासून घ्या.

मापाचं राहिलं. आकार सांगितल्याशिवाय मॅक्रो फोटो अर्धाच असतो, कारण ३ मिमीचा आणि ३ सेंटिमीटरचा शंख फ्रेममध्ये सारखेच दिसतात. २०१५ साली दक्षिण चीनमधून अँगुस्टोपिला डॉमिनिकी नावाच्या गोगलगायीची नवी जात जाहीर झाली, शंखाची उंची ०.८६ मिमी, आणि शास्त्रज्ञांनी तो शंख सुईच्या नेढ्यात ठेवून फोटो काढला. एका नजरेत कळतं. आपण मोजपट्टी ठेवायची असेल तर ती शंखाच्या सगळ्यात रुंद कडेच्या पातळीत ठेवायची, खाली टेबलावर ठेवली तर ती कॅमेऱ्यापासून लांब पडते, तिचे मिमी लहान दिसतात आणि शंख आहे त्यापेक्षा मोठा मोजला जातो. त्यापेक्षा शंख व्हर्नियरने मोजा आणि फोटोवर नंतर रेघ काढा. मोबाईल २-३ सेंटिमीटरवर नेऊन वाईड लेन्सने काढलेल्या फोटोत तर पुढचा भाग फुगलेला आणि टोक बारीक दिसतं, प्रमाणच बिघडतं, तिथे थोडं मागे येऊन टेली लेन्सने काढा आणि क्रॉप करा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, आणि जमलं तर रॉमध्ये, म्हणजे मोबाईलने प्रक्रिया न केलेल्या फाईलमध्ये, काढा, कारण मोबाईल स्वतःच्या मनाने पोत घासतो किंवा गडद करतो.

साफसफाई फोटोच्या आधी, कारण या मॅग्निफिकेशनला धुळीचा कणही नजरेत भरतो आणि तो संगणकावर पुसत बसण्यापेक्षा मऊ ब्रश आणि ब्लोअरने आधीच घालवणं कितीतरी सोपं. फार तर कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, तोही जपून, वरची पातळ तपकिरी साल असते ती शंखाचाच भाग आहे, मळ नाही. व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड लावू नका, शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, विरघळतो. याच कारणाने शंख लाकडी खणात किंवा साध्या पुठ्ठ्याच्या डब्यात वर्षानुवर्षं ठेवले की लाकडातून सुटणाऱ्या ॲसिडच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. १८९९ मध्ये बाइन नावाच्या ब्रिटिश संग्राहकाने त्यावर लिहिलं म्हणून त्याला बाइनचा रोग म्हणतात, त्याला वाटलं ते जंतूंमुळे होतं, पण नंतर कळलं की रोग वगैरे नाही, साधी रासायनिक क्रिया आहे. फोटोत शंखावर पिठासारखे कण दिसले आणि ब्रशने जाऊन परत आले तर डबा बदला.

शंख सोडून बाकी वस्तूंनाही हेच सगळं लागू पडतं, फक्त भर बदलतो. बिया आणि मणी जवळजवळ शंखासारखेच. नाणी सपाट असतात, त्यांना स्टॅकिंग फारसं लागत नाही पण लाईट मात्र अवघड, नाण्याच्या वर ४५ अंशात साधी काच धरून बाजूचा लाईट त्यावरून नाण्यावर सरळ खाली पाडायचा आणि कॅमेऱ्याने त्याच काचेतून बघायचं, म्हणजे सपाट भाग उजळतो आणि अक्षरांच्या कडा काळ्या उठून दिसतात. तिकिटं, पानं, चपटे शिंपले यांना तर स्कॅनरच घ्या, मात्र सीसीडी प्रकारच्या सेन्सरचा, कारण सीआयएस प्रकारच्या सेन्सरच्या पातळ स्कॅनरचा फोकस काचेला चिकटलेल्या वस्तूपुरताच असतो, थोडी उंची आली की धूसर.

आणि फोटो सेव्ह करताना फाईलच्या नावात शंखाचा तोच नंबर टाका जो डबीतल्या चिठ्ठीवर आहे, आणि चिठ्ठीवर कुठे मिळाला, कधी मिळाला हे असू द्या. स्टॅकिंगचे मूळ फोटोही निदान चांगल्या शंखांचे ठेवा, सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारतंय, आज ज्या कडेला वलय येतंय ती कड पुढे कदाचित त्याच फोटोंमधून स्वच्छ निघेल.